तीन नंबरच्या खोलीचा हिरवा दिवा

तोताराम आबाला दोन गोष्टींची भीती. एक गॅस, अन दुसरी फुकट.

बाकी माणूस धडधाकट. केळीच्या बागेत बिबट्या शिरला तेव्हा सगळं गाव गच्चीवर चढलं, अन हा हातात बॅटरी घेऊन बांधावर शिव्या देत उभा. पण गॅस म्हटलं की त्याच्या ओठाची पापडी व्हायची. त्याला कारणही तसंच होतं. त्याचा धाकटा भाऊ वना जुन्या विहिरीत मोटर काढायला उतरला होता. खाली पालापाचोळा कुजलेला, वरून वास ना धूर. वना उतरता उतरता हसत होता, कुणाची तरी चेष्टा करत होता, अन एकदम त्याचा दोरावरचा हात सुटला. बस. तोताराम मागोमाग उडी टाकायला निघाला, तर चार माणसांनी त्याला खाली पाडून छातीवर बसून धरून ठेवलं. तो गेला असता तर दोन मढी काढावी लागली असती. हे त्याला कळतं. पण कळून काय? ती चार माणसं अजून त्याच्या छातीवर बसलेली आहेत असं समजा.

आता असा माणूस केळी पिकवायच्या धंद्यात पडला म्हणजे नवलच. चोपड्याकडून यावलकडे जाताना अडावदच्या अलीकडे रस्त्याला लागून त्याच्या तीन खोल्या आहेत. भिंती जाड, आत गार, दारं लोखंडी. कच्ची हिरवी केळी क्रेटमध्ये भरून आत रचायची, दार लावायचं, पिकवायचा गॅस सोडायचा. पण खरी गंमत पुढंच आहे. केळंसुद्धा श्वास घेतं. पिकताना तर फारच घेतं. बंद खोलीतली चांगली हवा ते खाऊन टाकतं अन खराब हवा सोडतं. पंखा लावून ती बाहेर काढली नाही, अन माणूस आत गेला, तर त्याला काही कळायच्या आत तो खाली बसतो. अगदी वनासारखा.

म्हणून खोल्या बांधतानाच आबा अडून बसला होता. "दारवर दिवा पायजे. लाल व्हयना ते कोनी जावानं नही. हिरवा व्हयना ते जावानं. त्यानाशिवाय मी धंदा करस नही."

दिवा लावायचं काम केलं सुनेनं. डिंपल तिचं नाव, माहेर धुळ्याचं, देवपूरचं. इंजिनिअरिंग शिकलेली, अन तिथल्याच एका कॉलेजात प्रयोगशाळेत शिकवायला. आठवडाभर धुळ्याला, शनिवारी बसनं घरी. आबाचा मुलगा नीलेश धंदा सांभाळायचा. तिनं नीलेशच्या लॅपटॉपवर एक प्रोग्राम लिहून दिला. खोलीत माल किती, गारवा किती, दार बंद होऊन वेळ किती झाला, त्यावरून आत हवा किती बिघडली त्याचा हिशोब तो करायचा. बिघडली की लाल दिवा अन पंखा चालू. सुधारली की हिरवा. हवा मोजायचं यंत्रही बसवलं होतं, पण ते पावसाळ्याच्या ओलीनं बिघडलं अन दुरुस्तीला गेलं. तोवर सगळा भरवसा त्या हिशोबावर.

हा हिशोब तिनं लिहिला एका मोठ्या परदेशी कंपनीच्या सॉफ्टवेअरवर. कॉलेजात तेच शिकवतात. कॉलेजाकडे त्याचा परवाना होता, घरी नव्हता. घरी महिनाभर वापरून बघायची प्रत मिळाली, ती टाकली. महिना संपत आला तेव्हा विकत घ्यायची किंमत विचारली. किंमत ऐकून आबानं चहाची बशी खाली ठेवली अन बराच वेळ उचललीच नाही.

डिंपल म्हणाली, "आबा, विकत घ्यायची गरज नाही. ऑक्टेव्ह म्हणून एक आहे, ते फुकट मिळतं. तसंच सायलॅब आहे, पायथन आहे, तीही फुकटच. पण ऑक्टेव्हवर माझा प्रोग्राम जवळजवळ आहे तसाच चालतो. दोनचार ओळी बदलाव्या लागल्या, त्या मी बदलल्यासुद्धा."

"फुकट?" आबा म्हणाला. "कोन देस फुकट?"

"जगभरातली माणसं मिळून लिहितात. आत काय आहे ते कोणीही उघडून पाहू शकतं, चूक असली तर दुरुस्त करू शकतं."

"म्हंजे दार उघडंच ना मंग! कोनी बी घुसी, कोनी बी काय बी करी जाई." आबाचा आवाज चढला. "डिंपल, मन्हा मानसं खोलीना मजार जातस. तुन्ही सासू मजार जास. फुकटनं दूध कोनी दिधं तरी मी पहिले वास लेस. अन हाई ते जीवनं काम शे. कंपनीनंच ठेवा. कंपनी जबाबदार ऱ्हास."

डिंपलनं एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा सासऱ्याकडे, अन लॅपटॉप मिटला. पण धुळ्याला गेल्यावर तिनं तो ऑक्टेव्हचा प्रोग्राम आपल्या लॅपटॉपवर चालूच ठेवला. खोल्यांतला माल, गारवा अन दार लागल्याची वेळ तिच्या मोबाइलवर यायची, तेच आकडे ती त्यात भरायची. कुणाला सांगितलं नाही. उगाच मनाला बरं वाटायचं म्हणून.

महिना गेला, दुसरा गेला, तिसराही गेला. कंपनीचं सॉफ्टवेअर चालत राहिलं. आबाला वाटलं, नीलेशनं पैसे भरले. नीलेशला वाटलं, आबा विचारत नाही तर कशाला सांगायचं.

श्रावणातला शनिवार होता. दुसऱ्या दिवशी कानबाई, श्रावणात घरोघरी मांडतात ती देवी, बसणार. खानदेशात त्या दिवशी घराघरात धावपळ. नैवेद्याच्या रोटाचं दळण, केळीचे खांब, सजावट, पाहुणे. केळीला मागणी अशी की फोन खाली ठेवायला सवड नाही. नीलेश सकाळीच गाडी भरून चोपड्याला गेला होता. तीन नंबरची खोली तेवढी भरलेली राहिली, तिच्यातला माल संध्याकाळी निघणार होता.

आबा कडुनिंबाखाली खाटेवर बसला होता. सुपारी कातरत होता, पण हात मधेच थांबायचा. काहीतरी कमी होतं. गुरांच्या गळ्यातली घंटा वाजायची बंद झाल्यावर माणूस दचकून मान वर करतो ना, तसं. थोड्या वेळानं त्याच्या ध्यानात आलं. पंख्याचा आवाज नाही. आज नाही. काल? काल ऐकला का? काल तर दिवसभर गाड्या भरत होत्या, ट्रकांच्या गडबडीत काय ऐकू येणार.

उठून तो तीन नंबरच्या दारापाशी गेला. वर पाहिलं. हिरवा.

"प्रेमराज!" त्यानं हाक मारली. प्रेमराज म्हणजे हमाल, अंगानं आडवा, तोंडानं तिखट. "पंखा चालना व्हता का रे काल?"

"आबा, मी केळी उचलस, पंखा मोजस नही."

"नीट सांग ना."

"हिरवा दिवा शे ना वर? मंग कसाले पंखा पायजे? तुमीच सांगतस, दिवा दखीसन जावानं." प्रेमराज हसला. "आते दिवावर बी भरवसा नही का?"

प्रेमराजचं म्हणणं आबाला खोडता येईना. कंपनीचं सॉफ्टवेअर. शिकलेल्या सुनेचा हिशोब. हिरवा दिवा. आपण कोण, चौथी नापास, त्यात बोट घालणारे? पंख्याची पेटी भिंतीवर होती खरी, हातानं चालू करायचं बटण तिच्यात होतं. पण पेटीला कुलूप. ते आबानंच लावायला लावलं होतं, कारण एकदा एका गड्यानं गारवा टिकावा म्हणून पंखा बंद करून ठेवला होता. चावी नीलेशच्या खिशात.

तो परत येऊन खाटेवर बसला. सुपारी कातरली, खाल्ली नाही.

तेवढ्यात आबाची बायको सुगंधाबाई आली. डोक्यावर पदर, हातात पितळी ताट, ताटात हळदकुंकू. त्यांच्या घरची रीत अशी की कानबाईपुढची केळ्यांची फणी आपल्याच मालातली असायची, अन तीही ज्या क्रेटला कुणाचा हात लागला नाही अशा क्रेटमधली. म्हणजे अगदी मागल्या भिंतीपाशी. आधी कुंकू लावायचं, मग फणी काढायची. ते काम घरच्या बाईचं, हमालाचं नाही.

"जाऊ का मजार?" तिनं विचारलं.

दर वेळी ती विचारायची. विचारायची गरज नव्हती, दिवा तर तिलाही दिसत होता. पण वना गेल्यापासून नवऱ्याचं काय होतं हे तिला ठाऊक होतं. त्यानं 'जाय' म्हटल्याशिवाय ती बंद खोलीत पाऊल टाकत नसे.

आबानं वर पाहिलं. हिरवा. पुन्हा पाहिलं. हिरवाच.

"जाय," तो म्हणाला. "बेगी ये."

"बेगी काय? कुंकू लावाले टाइम लागस." ती हसली. लोखंडी दार करकरलं, आतली गार, गोडसर वासाची हवा बाहेर आली, अन दार तिच्यामागे आपोआप मिटलं.

अन फोन वाजला.

डिंपल होती. मागे बसस्थानकाचा गोंगाट. "आबा, नीलेश फोन उचलत नाहीये. मला आधी एवढं सांगा, तीन नंबरचा पंखा चालू आहे का?"

"नही. पन दिवा हिरवा शे."



"आबा, माझ्याकडे लाल आहे." तिचा आवाज बारीक झाला. "कालपासून लाल आहे. पंखा लागला की आतल्या गारव्याचा आकडा थोडा हलतो, कालपासून तो हललाच नाही. आत्ता बसची वाट बघत पाहिलं. आबा, आत कोणी गेलेलं नाही ना? आबा?"

आबाच्या हातातून ताट पडावं तसा फोन खाटेवर पडला. त्यातून डिंपलचा आवाज येतच होता. "आबा! आत जाऊ नका! दार उघडा, पण आत जाऊ नका! आधी पंखा!"

तो पळाला. या वयात माणूस कसा पळतो ते सांगायला नको. प्रेमराज ओरडला, "काय व्हयनं?" आबानं नुसतं दाराकडे बोट केलं. दोघांनी मिळून दार ओढलं. दोन्ही बाजूंना क्रेटच्या रांगा, मधे बोळ, अन बोळाच्या टोकाला मागल्या भिंतीपाशी सुगंधाबाई बसलेली. पाठ क्रेटला टेकलेली, मान एका बाजूला. देवळात बाई टेकून बसते तशी. ताट बाजूला उपडं, कुंकू फरशीवर सांडलेलं. हातात फणी धरलेली.

"नीलेशनी माय!" आबानं हाक मारली.

काही नाही.

"सुगंधा!"

लग्न झाल्यापासून त्यानं तिला नावानं हाक मारली नव्हती.

प्रेमराज आत घुसायला निघाला. आबानं त्याचा शर्ट मागून धरला, असा की बटणं तुटली.

"सोडा ना आबा! माय पडी गयी!"

"जासी ते तू बी पडसी." आबाचा आवाज त्याचा त्यालाच ओळखू येईना. "पेटी फोड. पंखानी पेटी फोड, पहार ले."

प्रेमराज पहार घेऊन भिंतीकडे धावला. आबा दारात उभा राहिला.

आता हे जे उभं राहणं होतं ना, ते वाचणाऱ्यानं जरा समजून घ्यावं. बायको डोळ्यांसमोर. मधे काहीच नाही, भिंत नाही, पाणी नाही, नुसती हवा. दिसायला अगदी स्वच्छ हवा. चार ढांगा टाकल्या की हात लागेल. अन माणूस दाराची चौकट दोन्ही हातांनी धरून उभा, कारण त्याला माहीत आहे की तो गेला की तिला बाहेर काढणारा कोणी उरणार नाही. त्या दिवशी विहिरीवर चार माणसांनी त्याला धरलं होतं. आज धरायला कोणी नव्हतं. आज त्याचं त्यालाच आपल्या छातीवर बसायचं होतं. तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्यांकडे तो पाहत होता. हलतात का? हलल्या का? की त्याच्याच डोळ्यात पाणी होतं म्हणून हलल्यासारख्या दिसल्या? डोक्यावर तो हिरवा दिवा शांतपणे जळत होता. आबाला वाटलं, हा दिवा आपल्याकडे बघून हसतोय.

पहारीचा एक घाव. दुसरा. पेटीचा पत्रा वाकला, कुलूप लोंबलं. प्रेमराजनं बटण दाबलं.

पंखा लागला.

तो आवाज आबाच्या कानावर आला. तरी तो थांबला. पदर हलेपर्यंत थांबला. सुगंधाबाईच्या डोक्यावरचा पदर वाऱ्यानं हलला, मग पार खांद्यावर आला, तेव्हा त्यानं प्रेमराजनं आणलेला दोर कमरेला बांधला, दुसरं टोक त्याच्या हातात दिलं.

"मी पडनू ते ओढजो. मजार येजो नको. काय बी व्हवो, येजो नको."

छातीभर श्वास घेतला, तोंड मिटलं, अन गेला. तिला काखेत धरून ओढत आणताना वाटेत दोन क्रेट पडले, केळी पायाखाली चिरडली, पाय घसरला, पण त्यानं तोंड उघडलं नाही. दाराबाहेर आल्यावर दोघं एकदमच कोसळले. प्रेमराज दोर ओढतच होता.

"आते कसाले ओढस रे गधडा," आबा धापा टाकत म्हणाला, अन मग बायकोच्या तोंडाकडे वाकला. तिच्या नाकापाशी त्यानं आपला गाल नेला. काही लागेना. पंख्याचा वारा, रस्त्यावरचा वारा, सगळे वारे लागत होते. तिचाच तेवढा लागेना.

मग ती खोकली.

खाटेवर पडलेल्या फोनातून डिंपल रडत ओरडत होती. तिनंच बसस्थानकावर दुसऱ्या कुणाचा फोन मागून एकशे आठला कळवून गाडी पाठवली होती, तेही नंतर कळलं.

चोपड्याच्या दवाखान्यात डॉक्टरनं ऑक्सिजनची नळी लावली, रात्रभर ठेवून घेतलं, अन म्हणाला, थोडा उशीर झाला असता तर ती वाचली नसती.

नीलेश आला तो आईच्या पायाशी उभा राहिला. डिंपल धुळ्याहून पोचली होती. तिनं नीलेशचा लॅपटॉप उघडून पाहिला होता, अन नवऱ्याकडे पाहत होती. शेवटी तोच बोलला.

"आबा, मी तारीख मांगे करेल व्हती."

"कसानी तारीख?"

मग डिंपलनं सांगितलं. महिनाभर वापरायची प्रत महिना संपला की बंद पडते. ती बंद पडू नये म्हणून नीलेश दर महिन्याला लॅपटॉपची तारीखच एक महिना मागे सरकवायचा. सॉफ्टवेअरला वाटायचं, अजून महिना आहे. दर वेळी खोल्या रिकाम्या असताना करायचा. या वेळी कानबाईच्या गर्दीत खोली भरलेली असतानाच केलं. प्रोग्रामनं हिशोब केला की दार लागायला अजून महिना अवकाश आहे, म्हणजे आत खराब हवा साचायचा प्रश्नच नाही. लावला हिरवा.

आबा ऐकत होता. कंपनीची चूक नव्हती. सुनेच्या हिशोबाचीही नव्हती. त्यानं मुलाकडे पाहिलं. सगळ्यांना वाटलं, आता कानाखाली बसणार.

"म्हंजे ते बी फुकटच व्हतं?" त्यानं विचारलं.

नीलेशनं मान खाली घातली.

"फुकटले मी भियनू," आबा म्हणाला, "अन घरमा चोरीनं ठेयं." मग तो नीलेशजवळ सरकला. "तुले सांगाले भेव वाटनं ना मन्हं?"

"हा, आबा."

"मालेच भेव वाटस रे. तुले वाटनं त्यामा काय."

पलंगावरून सुगंधाबाईचा घोगरा आवाज आला. "ती फणी कथा शे?"

फणी तिच्या मुठीतून दवाखान्यात आल्यावरच सुटली होती. डिंपलनं पिशवीतून काढून दाखवली. दुसऱ्या दिवशी तीच कानबाईपुढे ठेवली. एक केळं दबून काळं पडलं होतं, पण ते कुणी काढलं नाही.

कानबाईचं विसर्जन झाल्यावर डिंपलनं लॅपटॉपची तारीख बरोबर केली, कंपनीचं सॉफ्टवेअर काढून टाकलं, अन ऑक्टेव्ह टाकलं. घड्याळ उलटं गेलेलं दिसलं की थेट लाल, अशी एक ओळही घातली. आबानं शेजारी खुर्ची ओढून बसून सगळं पाहिलं. त्याला एक अक्षर कळत नव्हतं, तरी पाहिलं. "हाई उघडं शे ना, कोनी बी दखू शकस?" त्यानं विचारलं. ती हो म्हणाली. "मंग माले दखू दे." पेटीचं कुलूप पुन्हा लागलं नाही. हवा मोजायचं यंत्र दुरुस्त होऊन आलं. लॅपटॉपवरची तारीख वाचायला तो शिकला, अन रोज सकाळी ती भिंतीवरच्या कॅलेंडरशी ताडून पाहायला लागला.

पुढची खोली पिकली तेव्हा सगळे दारापाशी जमले. पंखा घरघरत होता. यंत्र ठीक म्हणत होतं. डिंपलच्या लॅपटॉपवरही हिरवा, दारावरही हिरवा. तारीख बरोबर. आबानं सगळं दोनदा पाहिलं.

सुगंधाबाई पुढे आली. "जाऊ का मजार?"

आबानं वर पाहिलं. तोंड उघडलं. शब्द येईना.

नीलेश म्हणाला, "आबा, बठ्ठं बराबर शे." डिंपलनं सासूचा हात धरला.

आबा नुसता दिव्याकडे बघत होता. हिरवा. हिरवाच होता. त्या दिवशीही हिरवाच होता.

"तुमी नका सांगू," सुगंधाबाई म्हणाली. तिनं एक दगड उचलून दाराच्या फटीत ठेवला, म्हणजे दार मिटणार नाही. मग पदर खोचला. "मी बांगड्या वाजाडत जास. तुमी आयकत ऱ्हा."

ती आत गेली. आबा चौकट धरून उभा राहिला. पंख्याच्या घरघरीत आतून बांगड्यांचा आवाज येत होता, लांब लांब जात होता. मधेच आवाज थांबला. आबानं श्वास धरला.

बांगड्या पुन्हा वाजल्या.